पास न झालेला समुद्र

शहरातल्या बागांमधल्या प्रत्येक झोपाळ्यावर मुलांच्या आधी एक चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस बसून गेलेला असतो, हे फार थोड्या आईबापांना ठाऊक असतं. बागेचं फाटक उघडायच्या आत तो येतो. साखळीची एकेक कडी बोटांनी चाचपतो, पाट खालून बघतो, आणि मग स्वतः बसून असा झोका घेतो की बाकाखाली निजलेली मांजरं उठून दुसरीकडे जातात. घसरगुंडीवरून तो पोटावर पालथा पडून खाली येतो. एखादा खिळा वर आला असेल तर तो पोराच्या चड्डीला लागण्याआधी आपल्या शर्टाला लागावा, हा त्यातला हिशेब. त्याच्या शर्टांची दशा बघवत नाही.

पिशवीत पाना, तेलाची कुपी आणि एक लाकडी गोळा. गोळा लहान मुलाच्या डोक्याएवढा, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला. कठड्याच्या दोन गजांमध्ये तो शिरला आणि अडकला, की ते खेळणं नापास. नापास खेळण्यावर तो लाल फुली मारतो आणि पुढच्या आठवड्यात ट्रक येऊन ते उचलून नेतो. त्यात कुणाची रदबदली चालत नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांच्या नातवाचा लाडका घोडा असाच ट्रकमध्ये चढला, तेव्हा साहेब कितीतरी दिवस त्याच्याशी बोलत नव्हते.

नगरपालिकेच्या उद्यान विभागात त्याच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण ऑफिसात सगळे त्याला डळमळे म्हणतात. ते त्याचं आडनाव नाही. हात लागेल ती वस्तू तो आधी हलवतो आणि ‘डळमळतंय’ म्हणतो, म्हणून चिकटलेलं नाव. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे ठीक आहे. आमचा डळमळे तोंड न पोळताच फुंकत बसलेला.

हसा खुशाल. पण इतक्या वर्षांत त्यानं पास केलेल्या एकाही झोपाळ्याची साखळी तुटलेली नाही. गावभरची पोरं रोज संध्याकाळी किंचाळत आकाशात जातात आणि सुखरूप खाली येतात, ती एका माणसाच्या बोटांच्या भरवशावर. त्या पोरांना हे ठाऊक नाही, त्यांच्या आयांनाही नाही. हे मनात आलं की अंगावर काटा येतो. आणि कधीच काही वाईट घडलं नाही, हीच त्या माणसाची पंचाईत होऊन बसली होती. त्याला वाटे, आपण हात लावतो म्हणून जग उभं आहे. जिथं आपला हात लागला नाही, तिथं ते केव्हाही कोसळेल.

घरी बायको आणि दोन मुलं. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून ‘आता स्पष्ट दिसतंय का’ विचारते आणि घरी येऊन नवऱ्याला तेच विचारायची इच्छा आवरते. धाकटा मुलगा पाच वर्षांचा. त्याला सगळे भोवरा म्हणतात, कारण तो थांबला की पडतो. थोरली मुलगी नऊ वर्षांची, आणि तिचं नाव आजीबाई. एवढ्याशा पोरीला आजीबाई का म्हणतात, ते तिच्याकडे बघितलं की कळे. दाराशी आधी थांबायची, खालीवर बघायची, मग बापाकडे बघायची. बापानं मान हलवली की आत.

घरात सुट्टीचा विषय निघाला की नन्नाचा पाढा सुरू होई. डोंगरावर जाऊ म्हटलं, तर कठडे कमी उंचीचे. तलावावर जाऊ म्हटलं, तर होड्यांचा काय भरवसा. बायकोच्या भावाच्या नव्या घरी चार दिवस राहायचं ठरलं, तर त्या जिन्याला बाहेरून कठडाच नव्हता. हा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, एकदा फोनवर म्हणाला, की दाजींना सांग, गादीवरच सुट्टी घालवा, आणि गादी भिंतीपासून लांब ओढून घ्या. डळमळ्यानं खरोखरच गादी भिंतीपासून लांब का ओढायची, असं विचारलं होतं.

मग एक दिवस बायको आजीबाईच्या शाळेत जाऊन आली. बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, कौतुकानंच. वर्गातली मुलं बागेत गेली होती. सगळी घसरगुंडीवर चढली आणि आजीबाई खाली शिडीला धरून उभी राहिली. ती शिडी हलवून बघत होती आणि वरच्यांना सांगत होती, की उतरा, हे पास झालेलं नाही. सगळी मुलं घरी जायला निघाली तरी ती तिथंच होती. बाईंना ते फार गोड वाटलं होतं.

बायकोनं हे जेवणं झाल्यावर सांगितलं आणि ताट उचलता उचलता एवढंच म्हणाली, “खाण तशी माती.”

ती घसरगुंडी डळमळ्यानंच पास केली होती. त्या शिडीचा एकेक बोल्ट त्याच्या हातचा होता. गावभरच्या पोरांना ज्या घसरगुंडीवर त्यानं बिनघोर चढवलं, तिच्यावर त्याची स्वतःची पोर चढत नव्हती. पोरीला आपण जपत नव्हतो, तिला आपली भीती भरवत होतो, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि ते कसं थांबवायचं ते मात्र कळेना.

“समुद्रावर जाऊ,” बायको म्हणाली. “मुलांनी पाहिलेला नाही. मीही नाही, तुम्हीही नाही. जागा तुम्ही निवडा. हवी तेवढी तपासा. पण या वेळी निवडायची.”

तेव्हा तो एकटाच बसनं गेला. सुट्टीची जागा बघायला कुणी पाना आणि तेलाची कुपी घेऊन जात नाही, पण पिशवी त्याच्या खांद्याला लोंबत होतीच. बस एका वळणावर आली आणि झाडं एकदम संपली. समोर आभाळ फार खालपर्यंत आलेलं दिसलं. मग त्याच्या लक्षात आलं, की खालचं अर्धं आभाळ नाहीच, ते पाणी आहे. तो उठून उभा राहिला. कंडक्टर बसा म्हणाला तरी तो उभाच. एवढं मोठं काही असू शकतं, आणि ते आपल्याला न विचारता इतकी वर्षं इथं होतं, याचं त्याला इतकं नवल वाटलं, की त्याचा थांबा मागं गेला.

पहिला किनारा त्यानं उभ्याउभ्याच नापास केला. लाटा माणसाच्या उंचीच्या. दुसऱ्या ठिकाणी वाळूतून काळे खडक वर आलेले, त्यांच्यावर शेवाळ. तिसऱ्या ठिकाणी वाळू छान, पाणी छान, पण तिच्यावरून लोक मोटारसायकली भरधाव पळवत होते. तिथला हॉटेलवाला म्हणाला, साहेब, लोक इथं मजा करायला येतात. डळमळे म्हणाला, तेच बघतोय.

चौथी जागा त्याला सापडली ती रस्ता चुकल्यामुळे. लहानसं गाव, एक दगडी बांध, बांधाला खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्या, आणि शेवटच्या दिसणाऱ्या पायरीवर पाणी असं लपलपत होतं, जसं बादलीत कुणी हात बुडवून काढावा. लाट म्हणून नाही. चारदोन होड्या शांत डुलत होत्या. त्यानं विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि उतरला. पायाखाली वाळू घट्ट. तो चालत गेला, अजून चालत गेला, तरी पाणी गुडघ्याच्या वर चढेना. मागं वळून पाहिलं तर बांध लहान दिसत होता आणि तो समुद्रात मधोमध उभा होता, आणि त्याला काहीही झालं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशावर तरी लाडानं हात फिरवावासा वाटला.

बांधावरच्या घरात एक म्हातारी खोल्या भाड्यानं द्यायची. तिला त्यानं भंडावून सोडलं. खिडक्यांचे गज हलवले, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, गॅसची नळी वाकवून बघितली, जवळचा डॉक्टर कुठं बसतो ते विचारलं. समुद्राविषयी एकच विचारलं, की पाणी याहून खोल होतं का? म्हातारी म्हणाली, नाही रे बाबा, याहून जास्त कधी नाही. तिनं पुढचं काही सांगितलं नाही. सूर्य संध्याकाळी मावळतो, हे तरी कोण पाहुण्याला सांगतं? परतीची बस सुटायच्या बेतात होती. त्यानं खोली ठरवली आणि घरी येऊन छाती पुढं काढून सांगितलं, की असा समुद्र शोधलाय, पाळण्यात ठेवल्यासारखा.

सुट्टी लागली आणि चौघं गेले. बसमध्ये भोवऱ्यानं सगळ्या प्रवाशांना सांगून झालं, की आमचे बाबा समुद्र पास करून आलेत. आजीबाई खिडकीशी गप्प बसून होती, पण तिचे हात सारखे एकमेकांत गुंतत होते, आणि ते हरखल्यामुळे, हे आईनं ओळखलं. दुपार कलत आलेली असताना ते बांधापाशी उतरले. पिशव्या तिथंच टाकून मुलं पळाली. डळमळे मागून हळूहळू चालला होता, अगदी घरमालकाच्या रुबाबात.

बांधावर मुलं थांबली.

समोर समुद्र नव्हता.

होती ती नुसती ओली, करडी जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत. होड्या एका कुशीवर कलंडून पडलेल्या. ज्या पायरीवर पाणी लपलपत होतं, तिच्या खाली आणखी दोनतीन पायऱ्या निघाल्या होत्या, हिरव्या आणि कोरड्या पडत चाललेल्या. लांब, आभाळाच्या कडेला, एक चमकणारी रेघ होती, ते पाणी होतं की नुसता उजेड, सांगता येत नव्हतं. समुद्राचं पाणी पळालं होतं आणि डळमळ्याच्या तोंडचंही. त्यानं बांध बघितला, घर बघितलं, पुन्हा बांध बघितला. जागा तीच होती. बायको त्याच्याकडे बघत होती, आणि चष्म्याच्या दुकानातला तो प्रश्न आता तिच्या अगदी ओठांवर आला होता.

आधी बोलला तो भोवरा. रडवेला होऊन त्यानं आईला सांगितलं, की बाबांनी समुद्र काढून टाकला.

आणि त्यात त्या लेकराचं काय चुकलं? त्यानं जन्मापासून हेच पाहिलं होतं. बाबा जाऊन तपासतात, नंतर ट्रक येतो, आणि वस्तू जागेवर नसते. पण आजीबाई रडली नाही. ती बापाजवळ आली आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “असू दे बाबा. चांगला नसेल तो. मला बघायचाच नव्हता एवढा.”

डळमळे बांधावर बसला. एक नऊ वर्षांची पोर आपला आख्खा समुद्र बापासाठी सोडून देत होती. बापानं नाही म्हटलं म्हणजे नाही, आणि वर त्यालाच धीर द्यायचा. तिच्या मनात बाप केवढा मोठा झाला होता, समुद्र पुसून टाकण्याएवढा, हे बघून तो पार हादरला. असलं मोठेपण कुठल्या बापाला हवं असतं?

तेवढ्यात खोल्या देणारी म्हातारी घरातून बाहेर आली. प्रकार कळल्यावर ती इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. डळमळ्यानं सवयीनं ती भिंत नजरेनं तपासलीच.

“अरे लेका, ओहोटी आहे,” ती डोळे पुसत म्हणाली. “गेलाय तसा येईल. रोज जातो, रोज येतो. तू आलास तेव्हा भरती होती.”

भरती आणि ओहोटी. डळमळ्यानं शाळेत यावर टीप लिहिली होती. पृथ्वी, चंद्र, बाणांची आकृती, आणि बाईंनी शेरा दिला होता, छान. छान म्हणे! ज्या गोष्टीवर त्यानं शाबासकी मिळवली होती, ती गोष्ट हे एवढं सगळं उचलून नेते, हे त्याच्या गावीही नव्हतं. वहीतली ती आकृती तळहाताएवढी होती. इथं तर जमीनच्या जमीन उघडी पडली होती.

म्हातारीनं सांगितलं, की तो लांबचा खांब दिसतोय ना, त्याच्या अलीकडे खुशाल फिरा, पाणी वळलं की मी हाक मारते. डळमळ्यानं खांबाकडे बघितलं. तो हलवून बघायला त्याच्यापर्यंत जावं लागणार होतं. या बाईच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो ठेवताना त्याच्या जिवाची जी घालमेल झाली, ती झाली, पण त्यानं ठेवला.

मग चौघं समुद्राच्या तळावर चालायला लागले. सगळ्या वाळूवर लाटांच्या घड्या तशाच राहिल्या होत्या, हातानं पाडल्यासारख्या. एका ठिकाणी ओंजळभर पाणी मागं राहिलं होतं आणि त्यात नखाएवढा मासा आपलं घर असल्यासारखा फिरत होता. वाळूतून बुडबुडे येत, आणि पाय ठेवला की खाली कुणीतरी सरकून जाई. भोवरा भोवऱ्यासारखाच फिरत होता. बायकोनं चपला हातात घेतल्या होत्या आणि ती मधूनच थांबून मागं बांधाकडे बघायची आणि मग खाली आपल्या गुडघ्यांकडे, जिथपर्यंत सकाळी पाणी असणार. डळमळ्यालाही तेच वाटत होतं. आपण जिथं उभे आहोत ते कुणाचंतरी आहे आणि तो नुसता उठून बाहेर गेलाय. त्या वाळूवर त्याला मोठ्यानं बोलवेना. आजीबाई त्याच्या पावलावर पाऊल ठेवून येत होती.

हाक आली तेव्हा ते परतले आणि पायऱ्यांवर ओळीनं बसले. बराच वेळ काही दिसेना. मग ती लांबची रेघ जाड झाली. आवाज नाही, गडबड नाही. पाण्याची एक पातळ जीभ वाळूच्या घड्यांमधून पुढं सरकली, तिच्या शेजारून दुसरी, आणि बघता बघता त्या एक झाल्या. नखाएवढ्या माशाचं घर गेलं, की त्याला मोठं घर मिळालं, कोण जाणे. पहिली होडी थरथरली, सरळ झाली, उभी राहिली. मग दुसरी. एवढ्या अवजड होड्या कुणी हात न लावता एकेक करून उठत होत्या, आणि ते बघताना डळमळ्याच्या डोळ्यांत पाणी कधी आलं, त्याला समजलं नाही. त्याच्या हाताशिवाय हे चालत होतं. त्याच्या जन्माआधीपासून चालत होतं. कुणी पास केलं नव्हतं.

पाणी खालच्या पायरीला लागलं, तसा भोवरा आईचा हात ओढत त्यात घुसला. आजीबाई उठली. एक पायरी उतरली, थांबली आणि वळून बापाकडे बघितलं.

“बाबा, पास?”

त्याला नुसती मान हलवायची होती. सोपं होतं. पण ती मान हलवली असती, तर उद्या दुसऱ्या कशापुढं ती पुन्हा अशीच वळून बघत राहिली असती, आणि परवाही. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“मला नाही गं ठरवता येत,” तो म्हणाला. “मी हा काढला नव्हता, आणि आणलाही नाही. माझ्या बापालाही ते जमणार नाही. मला याची भीती वाटते, एवढंच.”

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

“तुम्हाला भीती वाटते?”

“खूप. झोपाळ्यांचीसुद्धा वाटते. सगळ्यांचीच वाटते.”

ती विचारात पडली. पाणी तिच्या पायरीवर चढलं आणि तिच्या बोटांवरून गेलं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

“मला वाटायचं, तुम्हाला सगळं माहीत असतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, त्या वस्तूच वाईट असतात.”

“नाही गं. बऱ्याचशा चांगल्याच असतात.”

एवढं ऐकून ती हसली. डळमळ्यानं तिला असं सैल हसताना पूर्वी कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. मग ती उतरली, एकेक पायरी करत, पुन्हा वळून न बघता, आणि पाण्यात आई आणि भावाच्या दिशेनं चालत निघाली. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं तशी ती शहारली आणि चालतच राहिली. तिची पाठ बघायची डळमळ्याला सवय नव्हती. केवढीशी पाठ ती, आणि केवढा तो समुद्र तिच्या भोवती. त्याला वाटलं, की इतकं सुंदर काही आपण आजवर पाहिलेलं नाही. तिला हाक मारून थांबवावं असं त्याला एकदाही वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल, पण त्यानं मारली नाही.

थोड्या वेळानं तिनंच मारली. “बाबा, या की. गार आहे, पण या.” आणि तो चपला काढायचं विसरून उतरला.